उफराट्या पिसांची पिल्लं बोडकी का निघतात?

परसातल्या कोंबड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे उफराट्या पिसांचा कोंबडा आणि तशाच दोन कोंबड्या आहेत. पण त्यांच्या काही पिल्लांना पिसंच धड येत नाहीत, अंग बोडकं राहतं. खाण्यात काही कमी पडतंय का? (खटाव)

खाणं बरोबर आहे, जोडी चुकली आहे. उफराटी पिसं एकाच जनुकामुळे येतात. तो आई किंवा बाप, एकाकडूनच आला तर पिसं छान बाहेर वळतात. दोघांकडून आला तर ती इतकी वळतात की टिकत नाहीत, ठिसूळ होऊन तुटून जातात. उफराट्यावर उफराटा सोडला की हिशेब ठरलेला : सरासरी चार पिल्लांत एक बोडकं, दोन आईबापांसारखी, एक साध्या पिसांचं.

कोंबडा हाच ठेवा, कोंबड्या मात्र साध्या गावठी घ्या. निम्मी पिल्लं उफराटी निघतील आणि बोडकं एकही नाही. जी साध्या पिसांची निघतील त्यांच्यात हा जनुक लपून राहत नाही, त्यामुळे ती कुठल्याही कळपात बिनधास्त मिसळा. काही हौशी लोक मुद्दाम बोडका कोंबडा सांभाळतात, कारण साध्या कोंबडीशी त्याची जोडी लावली तर सगळीच पिल्लं उफराटी निघतात. हिशेबाला ते बरोबर आहे. पण हिवाळ्यातल्या रात्री त्या कोंबड्याचे जे हाल होतात ते बघता मला हा सौदा पसंत नाही.

या कोंबड्यांना उडता येत नाही. बसायची काठी हातभर उंचीवरच बांधा आणि खुराड्याचं दार कुत्र्या-मुंगसाला उघडणार नाही असं करा. आणखी एक : अशा कोंबडीला देवऋषाकडे जाणारं गिऱ्हाईक हमखास येतं आणि भावही चढा देतं. मी म्हणेन, त्याला देऊ नका. पुढे तुमची मर्जी.

उघड्या मानेच्या कोंबडीला मात्र हे जोडीचं बंधन नाही. दोन्हीकडून जनुक आला तर मान पूर्ण उघडी, एकाकडून आला तर मानेच्या पुढच्या बाजूला छातीच्या वर पिसांचा झुपका राहतो. दोन्ही ठणठणीत. अंगावर पिसं कमी असल्यामुळे माण-खटावच्या उन्हाळ्यात ती इतरांपेक्षा कमी धापा टाकते.

प्रश्न : इनक्युबेटरमध्ये 60 अंडी ठेवली होती. तापमान 37.5 होतं. एकविसाव्या दिवशी बऱ्याच पिल्लांनी कवचाला भोक पाडलं, पण निम्मी आतच मेली. (जत)

न फुटलेली अंडी उकिरड्यावर टाकू नका. नाकाला रुमाल बांधा आणि एकेक फोडून बघा, कारण अर्धं उत्तर तिथेच असतं. आत नुसता बलक असेल तर अंडं फळलेलंच नव्हतं. रक्ताची बारीक कडी दिसली तर जीव पहिल्याच आठवड्यात गेला : अंडी जुनी असतील, किंवा प्रवासात हादरली असतील. पिल्लू पूर्ण वाढून, कवच टोचून मेलं असेल तर बहुतेक वेळा घोटाळा हवेतल्या ओलाव्याचा असतो. तुमचं तसंच दिसतंय.

पण ओलावा कमी पडला की जास्त झाला? कवचाच्या आतला पडदा वाळून चिवट झाला असेल आणि पिल्लाला चिकटला असेल, तर हवा कोरडी होती. पिल्लू चिकट पाण्यात भिजलेलं, चोच त्यातच बुडालेली, असं असेल तर सुरुवातीचे अठरा दिवस हवा फार दमट राहिली आणि अंड्यातलं पाणी उडालंच नाही. दुष्काळी जतमध्ये पहिली शक्यता जास्त. तरी दुसरीही बघायला मिळते, कारण लोक घाबरून मशीनमध्ये पाण्याची भांडीच्या भांडी ठेवतात.

अंदाजाने चालण्यापेक्षा वजन करा. मशीनमध्ये घालताना दहा अंडी एकत्र तोला. अठराव्या दिवसापर्यंत वजन 12 ते 13 टक्क्यांनी उतरायला हवं, म्हणजे 500 ग्रॅमची अंडी 435 ते 440 वर यायला हवीत. सातव्या दिवशी तोलून बघितलं तरी कल कळतो. वजन कमी उतरलं तर पाणी कमी करा, जास्त उतरलं तर वाढवा. साधारण पहिले अठरा दिवस आर्द्रता 50 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70.

त्या तीन दिवसांत अंडी फिरवायची नाहीत आणि झाकणही उघडायचं नाही. कवच टोचल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा-अठरा तास सहज लागतात, कधी पूर्ण दिवस. तेवढ्यात नखाने कवच सोलायला गेलात तर रक्तवाहिनी तुटते आणि जगणारं पिल्लूही जातं. मशीनवरच्या आकड्यावरही आंधळा भरवसा नको, घरातल्या ताप बघायच्या थर्मामीटरने एकदा पडताळा. 37.5 हे पंखा असलेल्या मशीनचं तापमान. पंखा नसेल तर अंड्याच्या माथ्याच्या पातळीवर 38.3 च्या आसपास हवं. वीज गेली तर झाकण न उघडता वर गोधडी टाका, तास-दोन तासांनी बिघडत नाही.

आणि एखादी खुडूक कोंबडी हाताशी असेल तर दहा-बारा अंडी तिच्याखाली घाला. तिला यातलं काही सांगावं लागत नाही.

प्रश्न : कडकनाथची जोडी आणली, पण अंडी काळी नाहीत. फसवणूक झाली का? आणि अंडी परत विकत घेण्याची हमी देणारी योजना चांगली का? (वाळवा)

अंडी फिकट तपकिरीच असतात. काळी असते ती कातडी, मांस, हाडं, तुरा, जीभ. कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातला. झाबुआच्या कडकनाथ मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वर्षाला शंभराच्या आसपास अंडी धरा. ही कोंबडी क्वचितच खुडूक होते, म्हणून अंडी गावठीखाली घालावी लागतात. एक लक्षात ठेवा : गावठीशी संकर झाला तरी कितीतरी पिल्लं काळपट निघतात. त्यामुळे नुसता काळा रंग बघून शुद्ध म्हणू नका. आईबाप बघूनच घ्या.

हमीच्या योजनेचं वाळव्यात राहून विचारताय! 2019 मध्ये कडकनाथच्याच योजनेत तुमच्या तालुक्यात किती घरांचे पैसे बुडाले ते शेजारी विचारा. शेवटी हे अंडं खाणार कोण आणि तो काय भाव देणार, याचं उत्तर विकणाऱ्याकडे नसेल तर तुम्हाला मिळणारा भाव पुढच्या माणसाच्या अनामतीतून येतोय.

प्रश्न : शेतात लांडोरीची अंडी सापडली. कोंबडीखाली बसवू का? (शिराळा)

नको. होती तिथेच राहू द्या. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे आणि अंड्यांना हात लावणंही त्यात गुन्हा आहे. चांदोलीच्या बाजूला दिसणाऱ्या राखी रानकोंबड्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. त्याची हौस असेल तर आपल्या कोंबडीचे पिवळे पाय बघा. तो पिवळेपणा पाळीव कोंबडीत या राखी रानकोंबड्याकडूनच आला आहे.

प्रश्न : पंधरा कोंबड्यांसाठी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आणायची तर शंभर मात्रांची बाटली घ्यावी लागते. परवडत नाही. (कोरेगाव)

आळीतल्या चार घरांनी मिळून घ्या. बाटली एकदा कालवली की दोन तासांत संपवायची असते, उरलेली उद्याला चालत नाही. दुकानापासून घरापर्यंत थर्मासमध्ये बर्फात आणा आणि भल्या पहाटे, कोंबड्या खुराड्यात असतानाच टोचा. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्यात आरटूबी लस पंखाखाली कातडीत. आजारी पक्ष्याला टोचू नका.

आणि बाजारातून न विकता परत आणलेली कोंबडी तडक कळपात सोडू नका. मानमोडी गावात बहुतेक वेळा अशीच येते. तिला दोन-तीन आठवडे वेगळं डालून ठेवा.

प्रश्न : आजोबांपासून आमच्याकडे असील जातीच्या कोंबड्या आहेत. बाहेरचं रक्त कधी घेतलं नाही. आता अंडी फळत नाहीत, पिल्लं किडकिडीत निघतात. (फलटण)

बाप-लेक, भाऊ-बहीण अशाच जोड्या लागत गेल्या तर हे होणारच. एकदा बाहेरचा कोंबडा आणावाच लागेल, पण तो असीलच आणा. वजन वाढावं म्हणून संकरित कोंबडा आणलात तर आजोबांचा वाण गेला. झुंजीवाल्याकडून घेणार असाल तर त्याच्या नादी लागू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंज लावणं गुन्हा आहे.

मग कळपाचे तीन गट करा, पायात तीन रंगांच्या कड्या घाला. कोंबड्या आणि तलंगा (तरण्या कोंबड्या) जन्मल्या त्याच गटात राहतील. नर पिल्लं मोठी झाली की पहिल्या गटातली दुसऱ्यात, दुसऱ्यातली तिसऱ्यात, तिसऱ्यातली पहिल्यात, दरवर्षी याच क्रमाने. असील अंगाने जड, तेव्हा एका कोंबड्यामागे पाच-सहा कोंबड्या पुरेत. अंड्यावर पेन्सिलने गट आणि तारीख लिहा आणि तेच वहीत उतरवा. वही नसली तर दुसऱ्या वर्षी कोण कुणाचं ते कुणालाच सांगता येत नाही.

कोंबडा बदलला म्हणून लगेच अंडी रवणावर घालू नका. कोंबडीच्या पोटात जुन्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं, त्यामुळे त्या दिवसांतल्या अंड्यांचा बाप कोण ते ठरवता येत नाही. ती अंडी घरात खा किंवा बाजारात न्या.