‘मूलक’ म्हणजे रॅडिकल की आयन?

प्रश्न असा आहे: अमाइनमधल्या (नायट्रोजनला कार्बन जोडलेल्या संयुगातल्या) कार्बन-हायड्रोजन बंधाच्या जागी प्रकाशाच्या साहाय्याने, धातूविना नवा गट बसवतात, त्या अभिक्रियेबद्दल मराठीत लिहिताना ‘रॅडिकल’ला ‘मूलक’ म्हणावे का?

माझे मत: म्हणू नये. शालेय पुस्तकांत ‘मूलक’ हा शब्द आयनासाठी रुळला आहे. सोडियमचे साधे मूलक, सल्फेटचे संयुक्त मूलक. रॅडिकलची ओळख प्रभाराने होत नाही, जोडीदार नसलेल्या इलेक्ट्रॉनने होते. एरवी ‘मुक्त मूलक’ म्हणून भागते. इथे ते अपुरे पडते.

एक नेहमीचा प्रयोग पाहा. ५२ मिलिग्रॅम एन-फिनाइल टेट्राहायड्रोआयसोक्विनोलिन हे अमाइन, ३.५ मिलिग्रॅम इओसिन-वाय हा प्रकाश शोषणारा रंग (अमाइनच्या २ मोल टक्के) आणि भरपूर नायट्रोमिथेन. भांडे हवेला उघडे, ५३० नॅनोमीटरचा हिरवा एलईडी. (इथे ‘धातूविना’ म्हणजे अशा कामात उत्प्रेरक म्हणून वापरतात त्या रुथेनियम-इरिडियमविना, इओसिनच्या क्षारात सोडियम असतोच.) उत्तेजित इओसिन नायट्रोजनचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. उरतो रॅडिकल धनायन: प्रभारही आहे, एकटा इलेक्ट्रॉनही. त्याने शेजारच्या कार्बनवरचा सी-एच बंध सैल होतो. प्रोटॉन निघाला की प्रभारहीन रॅडिकल. त्याचाही इलेक्ट्रॉन गेला की इमिनियम आयन, म्हणजे कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेला धनायन. कधी हायड्रोजनचा अख्खा अणूच निघतो आणि मधली पायरी गळते. या तिघांनाही ‘मूलक’ म्हटले तर वाचणाऱ्याने काय समजायचे?

आणि फरक कागदापुरता नाही. नायट्रोमिथेन जोडले जाते ते इमिनियमला, म्हणून तिथे इलेक्ट्रॉन काढून घ्यायला हवा हवी. अ‍ॅक्रिलेट (कार्बन-कार्बन दुहेरी बंध असलेले एस्टर) जोडायचे असेल तर रॅडिकल टिकला पाहिजे. मग आधी नायट्रोजन वायू सोडून द्रावणातला ऑक्सिजन घालवावा लागतो. ऑक्सिजन आणि पाणी दोन्ही जास्त झाले तर इमिनियमचे लॅक्टम (वलयातले अमाइड) होऊन बसते. आम्ल मिसळले तर इओसिन उदासीन रूपात जातो आणि काम थांबते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गणेश पांडे यांनी डायसायनोनॅफ्थॅलिन हे प्रकाश शोषणारे सेंद्रिय संयुग वापरून, धातूविनाच, अमाइनांपासून प्रकाशाने इमिनियम घडवण्याचे काम केले. त्याविषयी मराठीत लिहिताना ‘रॅडिकल धनायन’, ‘रॅडिकल’ आणि ‘इमिनियम आयन’ असे तीन वेगळे शब्दच वापरावेत.

‘फंक्शनलायझेशन’साठी ‘क्रियात्मकीकरण’ असा शब्द घडवता येईल, पण तो जिभेवर बसत नाही. हायड्रोजन जाऊन त्याच्या जागी दुसरा गट येतो, त्याला दहावीच्या पुस्तकातला ‘प्रतियोजन’ पुरेसा आहे: ‘नायट्रोजनशेजारच्या कार्बनवर प्रतियोजन’.