टिंबक्टूचे गवंडी

प्रश्न : मालीमधल्या टिंबक्टूत २०१२ साली संतांचे मकबरे पाडले गेले. पाडणारे स्वतःला मुसलमानच म्हणवत होते. मग तिथल्या भाविकांनी विरोध का केला नाही? मला त्यांचाच राग येतो.

उत्तर : तुमचा राग समजतो, पण तो त्या भाविकांवर काढू नका. शहर बंदूकधाऱ्यांच्या ताब्यात होतं. निःशस्त्र माणसांनी कुदळीपुढे आडवं पडायला हवं होतं, असं मी तरी घरात बसून म्हणणार नाही. आणि विरोध झालाच नाही असंही नाही. घराघरांतली जुनी हस्तलिखितं लोकांनी पेट्यांत भरून, जीव धोक्यात घालून, हजारोंच्या संख्येनं राजधानी बामाकोला पोचवली.

कबरीवर बांधकाम नको, संतांकडे मागणं हा अधर्म, असं पाडणाऱ्यांचं म्हणणं. टिंबक्टूची तर ओळखच ‘३३३ संतांचं शहर’! जागतिक वारसा यादीतल्या १६ मकबऱ्यांपैकी १४ पाडले गेले. सीदी याह्या मशिदीचं एक दार पिढ्यान्‌पिढ्या बंद होतं, जगाच्या अंतालाच उघडेल अशी श्रद्धा होती. तेही फोडलं. मला त्या दाराचं सगळ्यात जास्त लागलं. २०१६मध्ये ते दुरुस्त करून बसवलं; पण एकदा उघडलेलं दार न उघडलेलं कसं होणार?

भिंतींचं वेगळं. जुन्या मातीच्या भिंती दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलंय, म्हणून सांगते. मातीची भिंत दर पावसात थोडी झिजते, तिला पुन्हा लिंपावं लागतं. तिथली जिंगेरेबेर मशीद चौदाव्या शतकातली, ती टिकली ती गावानं सतत हात लावल्यामुळे. गवंडी वर चढून लिंपतात, बाकीचे खालून मातीचा गारा आणि पाणी पोचवतात. हे कसब गवंडी घराण्यांत बापाकडून मुलाकडे येतं. ते कुदळीनं पाडता येत नाही! २०१४मध्ये काम सुरू झालं. युनेस्कोची मदत होती, पण हात तिथल्याच गवंड्यांचे. उरलेल्या पायाच्या खुणा आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी यांवरून मापं धरली. २०१५च्या जुलैपर्यंत चौदाही मकबरे उभे राहिले.

पाडकामात पुढे असलेल्या अहमद अल फकी अल महदीनं २०१६मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात गुन्हा कबूल करून माफी मागितली. त्याला नऊ वर्षांची शिक्षा झाली. माफ करायचं की नाही, हे त्या कबरी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या घराण्यांनी ठरवायचं. त्यात तुम्ही-मी बोलू नये.