ओटीपी येतोच, मग ही वेगळी की कशाला?

प्रश्न: मेलला पासवर्ड आहे, वर एसएमएसने ओटीपी पण येतो. तरी एक मित्र सारखा मागे लागलाय की यूएसबीवाली सिक्युरिटी की (लॉगिन करताना कॉम्प्युटरला लावायची, पेनड्राइव्हसारखी वस्तू) घे म्हणून. ओटीपीत असं काय कमी आहे? आणि एवढीशी वस्तू हरवली तर मीच माझ्या अकाउंटबाहेर, नाही का?

उत्तर: मित्राचं ऐका. ओटीपी तुम्ही वाचता आणि तुमच्याच हाताने टाइप करता, तिथेच सगळी अडचण आहे, कारण समोर खोटं लॉगिन पेज असेल तर तो त्यातही टाइप होतो आणि पलीकडचा माणूस (किंवा त्याचा प्रोग्राम) तोच नंबर लगेच खऱ्या साइटवर टाकून आत शिरतो. शिवाय तुमच्या नावाने डुप्लिकेट सिम काढून ओटीपी स्वतःकडे वळवणारेही आहेतच.

की अकाउंटला जोडताना त्या साइटसाठी डिजिटल चाव्यांची (म्हणजे लांबलचक गुप्त आकड्यांची) जोडी बनते, एक साइटकडे जाते, दुसरी कीच्या चिपमधून बाहेरच येत नाही. लॉगिन करताना आपण नेमके कुठल्या डोमेनवर (म्हणजे साइटच्या पत्त्यावर) आहोत ते ब्राउझर कीला कळवतो, आणि पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी त्या खोट्या पेजच्या हाती कामाचं काहीच लागत नाही, मग ते पेज तुम्हाला कितीही खरं वाटो. २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या कर्मचाऱ्यांना असेच खोट्या लॉगिन पेजचे एसएमएस आले होते, तिघांनी पासवर्ड भरले सुद्धा, पण सगळ्यांना की सक्तीची होती म्हणून कोणाला आत शिरता आलं नाही. मला तर हे एकच उदाहरण पुरेसं वाटतं.

आता हरवण्याचं. तुमची भीती अगदी रास्त आहे, म्हणून एक की घेऊच नका, दोन घ्या. कीची कॉपी निघत नाही त्यामुळे दोन्ही प्रत्येक अकाउंटला वेगवेगळ्या जोडाव्या लागतात, आणि दुसरी घरात कुठेतरी नीट ठेवायची, पहिलीच्याच जुडग्यात अजिबात नाही. ॲपल अकाउंटला तर दोन की असल्याशिवाय हे चालूच करता येत नाही. रिकव्हरी कोड (की नसताना अकाउंट उघडायला साइट देते तो कोड) कागदावर लिहून ठेवा. सापडलेली की घेऊन कोणी काही करेल म्हणाल तर त्याला तुमचा पासवर्ड किंवा कीचा पिन लागेल, आणि पिन आठ वेळा चुकला की तो लॉक होतो.

प्रश्न: फोनमधली पासकी (पासवर्डऐवजी वापरायची, फोनमध्ये साठवलेली डिजिटल चावी) असेल तर कीची गरज उरते का?

उत्तर: बहुतेकांना पासकी पुरते, खोट्या साइटला तीही दाद देत नाही. फक्त ती बहुतेक वेळा तुमच्या गूगल किंवा ॲपल अकाउंटमधून सिंक होते, म्हणजे सगळी भिस्त त्या एका अकाउंटवर, तेव्हा निदान त्याला तरी की लावाच. आणि लावल्यावर सेटिंगमध्ये जाऊन एसएमएसचा पर्याय काढून टाका, हे लोक हमखास विसरतात, मग चोर 'दुसऱ्या पद्धतीने लॉगिन करा' वर क्लिक करून पुन्हा ओटीपीवरच येतो. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरून चालू लॉगिनच चोरीला गेलं तर मात्र कीचा उपयोग नाही, त्यामुळे भलतीसलती सॉफ्टवेअर टाकणं बंद करा.