रिळांचा डबा

प्रिय ओवी,

काल व्हिडिओ कॉलवर माईने दोऱ्याच्या रिकाम्या रिळांचा डबा दाखवला. फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "बाबा, तुमच्याकडे पैसे नव्हते म्हणून तू कचऱ्यातून खेळणी करायचास?" मी विषय बदलला. ते बरं केलं नाही, म्हणून लिहितोय.

हो, पैसे बेताचेच होते. पण कचरा हा शब्द लागला. मशीनवरचं रीळ संपत आलं की ते कुणाचं, यावरून माझं आणि चिंगीआत्याचं भांडण जुंपायचं.

रिळाची गाडी कशी व्हायची ते नीट सांगतो. लाकडी रीळ, साधारण दीड इंच लांब. रबरबँड दुमडल्यावर रिळाएवढा किंवा किंचित आखूड हवा. लांब असला तर आत सैल पडतो. तारेच्या आकड्याने तो भोकातून ओढायचा. एका बाजूच्या फासात काडेपेटीतल्या काडीचा तुकडा अडकवायचा. तो रिळाच्या कडेबाहेर आला तर गाडी दर फेऱ्याला अडखळते. शिवाय तो चिकटपट्टीने पक्का करायचा, नाहीतर रबराबरोबर तोच फिरत बसतो आणि गाडी जागची हलत नाही.

दुसऱ्या बाजूला मेणबत्तीची चकती, अर्धा सेंटिमीटर जाड. सगळी मेख इथे आहे. थंड मेणबत्ती दाबून कापली की फुटते. सुरी गरम पाण्यात बुडवायची आणि मेणबत्ती फिरवत फिरवत कापायची. वात काढून तापल्या सुईने भोक मोठं करायचं. चकतीतून बाहेर आलेल्या फासात खराट्याच्या हिराचा जाड तुकडा, 3-4 इंचांचा, एका बाजूला लांब ठेवून घालायचा. तो जमिनीला टेकतो, त्याला फिरता येत नाही, मग रबराला रीळच फिरवावं लागतं. मेण नसेल तर हीर लाकडावर घासतो आणि गाडी गचके खात थांबते. मेणावर तो अलगद सरकतो, पीळ हळूहळू सुटतो. 30 पीळ पुरतात.

शहाबादी फरशीवर गाडी घसरायची, म्हणून अण्णा कडांना सुरीने खाचा पाडून द्यायचे. मग ती वहीवरसुद्धा चढायची.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंची अशी खेळणी वर्षानुवर्षं मुलांकडून करून घेतली. 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीचे तुकडे आणि काड्या जोडून बघ: चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण ढिम्म हलत नाही. पण त्यांचं नाव पुढे करून मी आमची नड झाकत नाही. नड होतीच. आणि मला हे सगळं आता जरा जास्तच गोड वाटत असेल. चिंगीआत्याला विचार, ती म्हणेल तिला दुकानातलीच बाहुली हवी होती.

इथल्या प्लास्टिकच्या रिळांना खाचा नीट पडत नाहीत. कडांवर जाड रबरबँड चढवावे लागतील. भोक रुंद असलं तर काडीचा तुकडा आत ओढला जातो, तिथे आधी वॉशर लावायचा.

शनिवारी सकाळी मी टेबलावर सामान काढून ठेवणार आहे. वाटलं तर ये. तापल्या सुईचं काम मात्र मी करीन.

बाबा