व्हे प्रोटीनने बीपी खरंच कमी होतं का? रोज किती घ्यावं?

तुमचं बीपी १३८/८८ च्या आसपास राहतं, एवढ्यात गोळी नको आहे आणि जिममध्ये कुणीतरी व्हे (दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातल्या प्रोटीनची पावडर) सुचवलंय, असं तुम्ही लिहिलंय. कमी होऊ शकतं, पण तीन-चार पॉइंटच धरून चाला. आणि नेहमीचं सगळं खाऊन वर पावडर घेतली तर तेही हाती लागणार नाही.

इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाने २०१६ साली छापलेला अभ्यास यातला बऱ्यापैकी काटेकोर म्हणावा असा. थोडं वाढलेलं बीपी असलेल्यांना आठ आठवडे दिवसातून दोनदा २८ ग्रॅम व्हे दिलं. २४ तासांच्या मोजणीत वरचा आकडा सुमारे ३.९ आणि खालचा २.५ ने उतरला. तुलनेसाठी त्याच लोकांना दुसऱ्या वेळी माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेली पिठूळ पावडर, दिलं होतं. वजन वाढवायच्या 'मास गेनर'च्या डब्यात बहुतेक हेच भरलेलं असतं, म्हणून ते डबे घेऊच नका. २०१० च्या एका अमेरिकन अभ्यासात बीपी मुळात नॉर्मल असलेल्यांना काहीच फरक पडला नव्हता.

व्हे पचताना त्याचे छोटे तुकडे होतात आणि त्यातले काही एसीई या, रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतात. रामिप्रिलसारख्या बीपीच्या गोळ्या याच ठिकाणी काम करतात, पण कितीतरी जास्त जोराने. त्यामुळे गोळी चालू असलेल्याने व्हेच्या भरवशावर ती बंद करू नये.

घ्यायचंच असेल तर साधं, बिनस्वादाचं कॉन्सन्ट्रेट पुरतं. दूध पचत नसेल, पोट फुगत असेल तर आयसोलेट, म्हणजे दुधातली साखर जवळजवळ काढून टाकलेलं व्हे. डब्यावर दोन ओळी वाचा: एका स्कूपमागे प्रोटीन किती (३० ग्रॅममध्ये २२-२४ ग्रॅम ठीक) आणि सोडियम (मिठातला बीपी वाढवणारा घटक) किती. हा दुसरा आकडा ब्रँडप्रमाणे बराच बदलतो. जास्त सोडियमवाला डबा बीपीसाठी घेणं म्हणजे शुद्ध विरोधाभास. कॅफिन घातलेली 'प्री-वर्कआउट' पावडर वेगळी, तिच्या वाटेला जाऊ नका.

सुरुवात एका स्कूपने करा, पाण्यात किंवा बिनमिठाच्या पातळ ताकात. अभ्यासातल्या मात्रेपर्यंत गेलात तर दिवसाला साधारण २०० ते २३० कॅलरी वाढतात. म्हणून चहाबरोबरची बिस्किटं आणि संध्याकाळचं फरसाण काढून त्या जागी ती घ्या. नाहीतर वजन चढेल आणि बीपी त्याच्या मागोमाग.

पनीरचं पाणी पिऊन हेच साधेल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. दूध उकळून फाडलं की व्हेमधलं बरंचसं प्रोटीन पनीरलाच चिकटून जातं. पाण्यात लिटरमागे जेमतेम चार-पाच ग्रॅम उरतं. ते कणकेत किंवा आमटीत घाला, वाया घालवू नका, पण औषध समजू नका.

रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल, किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडायचा नाही. थायरॉइडची गोळी घेत असाल तर तिच्यात आणि व्हेमध्ये चार तास ठेवा.

फरक पडतोय का, हे मोजल्याशिवाय कळणार नाही आणि लोक इथेच चुकतात: चहा पिऊन, जिना चढून, गप्पा मारत पट्टा बांधतात. आधीच्या अर्ध्या तासात चहा-तंबाखू-व्यायाम नको. लघवीला जाऊन या, पाठ टेकून पाच मिनिटं बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. हे व्हे सुरू करण्याआधी एकदा आणि आठ आठवड्यांनी एकदा करा. घरची सरासरी १३५/८५ किंवा वर असेल (तुमचं १३८/८८ घरीच मोजलेलं असेल तर तेही यातच आलं) तर व्हेचं काय ते नंतर, आधी डॉक्टरांना दाखवा.

खर्चाच्या मानाने मला विचाराल तर आधी पापड, लोणचं आणि ताटातलं वरचं मीठ बंद करा. दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट एक छोटा चमचा, आणलंत तर व्हेइतका किंवा त्याहून जास्त फरक फुकटात पडू शकतो.