मुलीला टीव्हीसाठी विनोद लिहायचाय, पुढे निर्मातीही व्हायचंय!

प्रश्न : मुलगी टी.वाय. बीकॉमला आहे, कॉलेजच्या एकांकिका लिहिते. टीव्हीवरचे विनोदी कार्यक्रम लिहीन, पुढे निर्माती होईन म्हणते. कोर्स कुठला करावा? पोट भरेल का? निर्मातीला पदरचे पैसे ओतावे लागतात, ते कुठून आणायचे? तिचं एक प्रहसन सोबत जोडलंय.
– एक पालक, सांगली

उत्तर : नमस्कार. कोर्सचं नंतर, आधी प्रहसन. रेशन दुकानात आजोबांचा अंगठा मशीनवर जुळत नाही आणि दुकानदार म्हणतो, "आजोबा, तुम्ही तुम्ही नाही आहात." मी मोठ्यांदा हसलो. पण हे वाक्य येतं चौथ्या पानावर. त्याआधी पाऊस, रांग, सुनेची कुरकुर. तोवर प्रेक्षकाने चॅनेल बदललेलं असतं. तिला म्हणावं, पहिली तीन पानं काढ, अंगठ्यापासूनच सुरू कर. मग एकेक बोट लावून बघू दे आणि शेवटी शेजारणीचा अंगठा आजोबांच्या नावावर जुळू दे.

पानं काढायला सांगितल्यावर ती चिडेल, चिडू दे. दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसते का, तेवढं पाहा. टीव्हीच्या कार्यक्रमांत वाचनातच अर्धी प्रहसनं उडतात, कलाकार ऐनवेळी आला नाही की रात्रीत पात्र बदलावं लागतं आणि पुढच्या आठवड्यात पाटी कोरी.

पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पटकथालेखन शिकवतात, पदवीनंतर प्रवेश परीक्षा असते. जरूर द्यावी. पण मराठी विनोदी कार्यक्रमांत बरीच मंडळी एकांकिकांतून आलेली आहेत, त्यामुळे पुरुषोत्तम करंडकासारख्या कॉलेजच्या एकांकिका स्पर्धा सोडू नयेत. (२०१४ साली सुरू झालेल्या 'चला हवा येऊ द्या'चं सूत्रसंचालन बरीच वर्षं केलेले नीलेश साबळे तर शिक्षणाने डॉक्टर!)

पैशांचं स्पष्ट सांगतो. मानधन बहुधा एपिसोडमागे किंवा प्रहसनामागे मिळतं, हातात यायला महिने लागू शकतात आणि कार्यक्रम बंद पडला की तेही बंद. सुरुवातीची एक-दोन वर्षं मुंबईतलं भाडं घरून द्यायची तयारी ठेवा.

निर्माता म्हणजे पदरचे पैसे ओतणारा शेठ, असा तुमचा समज पत्रातून दिसतो. चॅनेलच्या कार्यक्रमात सहसा तसं नसतं. चॅनेल एपिसोडमागे रक्कम ठरवतं. सेट, कलाकार, कॅमेरे, एडिटिंग, युनिटचं जेवण, सगळं त्यात बसवून उरेल तो निर्मात्याचा. गोची अशी, की युनिटला आधी द्यावे लागतात आणि चॅनेलकडून नंतर येतात. ही मधली तोंडमिळवणी करताना बीकॉम, जीएसटी, टीडीएस सगळं कामी येतं, तेव्हा पदवी अर्धवट सोडू देऊ नका. 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ पासून उभी आहे ती सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी या लेखक-दिग्दर्शक जोडीमुळे, निर्मितीही त्यांचीच. पण त्याआधी दोघांची कित्येक वर्षं लिहिण्या-बसवण्यात गेलीत. तिनेही आधी कुणाच्या तरी टीममध्ये लिहावं.

मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासदत्व घेतलं की संहिता ऑनलाइन नोंदवता येते. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, म्हणून तोंडी ऐकवण्याआधी लिहून नोंदवावं. आणि पहिला करार हातात आला, की हक्क कुणाकडे, नाव कुठे झळकणार आणि पैसे कधी, ही तीन कलमं वाचल्याशिवाय तिला सही करू देऊ नका. हवं तर मसुदा मला पाठवा.