मेटल बॉडीचा लॅपटॉप जास्त तापतो का? पुण्याच्या उन्हाळ्यात प्लास्टिकचा बरा?

हाताला चटका बसतो म्हणून मेटल वाईट, असं नाही. ॲल्युमिनियम प्लास्टिकच्या शेकडो पट उष्णता वाहून नेतं, त्यामुळे आतली गरमी लगेच जाणवते. प्लास्टिकची बॉडी वरून गार लागते, पण मग गरमी बाहेर काढायचा सगळा भार पंख्यावर. एप्रिलमध्ये पारा ४० ला टेकला की तो पंखा कोकलणारच. मॅकबुक एअरला तर २०२० च्या एम१ चिपवाल्या मॉडेलपासून पंखाच नाही. लांबलचक व्हिडिओ रेंडर करायला घेतलात की तो गुपचूप वेग कमी करतो.

ब्रँडपेक्षा सिरीज बघा. लेनोवोचं थिंकपॅड एक्स१ कार्बन आणि स्वस्तातलं आयडियापॅड यांत नावापलीकडे फारसं साम्य नाही. डेल, एचपीचंही तेच.

टिळक रोडला दुकानात गेलात की कीबोर्ड मधोमध दाबून बघा, खचतो का. मग झाकण सावकाश उघडा आणि बिजागरीपाशी कडा उचलली जातेय का बघा. स्वस्त प्लास्टिक बॉडी बहुतेकदा तिथेच तुटते, आणि दुरुस्तीवाला अख्खं पॅनेल बदलायला सांगतो.

आणि गादीवर ठेवून वापरू नका, पंखा असलेल्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हवा खालूनच आत जाते.